उजव्या कुशीला

प्रिय पुट्टी,

एवढी मोठी डॉक्टर झालीस, तरी हात तेच लाडाचं नाव लिहितो. म्हैसूरला थंडी पडलीय. पुढच्या खोलीतल्या आपल्या योगवर्गाला आता सहाच जण येतात, तेही सोमवार, बुधवार, शुक्रवार. निवृत्त न्यायाधीश गुंडप्पा अजून गुडघे पोटावर दाबून पवनमुक्तासन करतात आणि खटला निकाली काढल्यासारखा सुस्कारा सोडतात. समोरची निंगम्मा सांगते, जेवल्यावर वज्रासनात बसलं की पोट हलकं वाटतं. मी नुसती मान डोलावतो. पूर्वी आतड्यांवर व्याख्यान झोडलं असतं.

कुठलं आसन कशावर गुणकारी, तो फळा आठवतो ना? भुजंगासन, फुप्फुसं. सर्वांगासन, गळ्यातली ग्रंथी. शवासन, हृदय. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीला आलीस आणि प्रत्येक ओळीपुढे खडूने ‘कदाचित’ लिहिलंस. भरल्या वर्गात मी उखडलो, "दोन पुस्तकं वाचलीस आणि बापाला शरीर शिकवतेस?" तू शांतपणे म्हणालीस, "अप्पा, बरं वाटतं म्हणा. रोग जातो म्हणू नका, कुणीतरी गोळ्या बंद करेल." मी फळा पुसला आणि या खोलीत पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणून बजावलं. तू ते पाळलंस. अम्मा गेली तेव्हासुद्धा मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने आत आलीस. त्या भांडणाला अकरा वर्षं झाली.

गोळ्या बंद करणारा मीच निघालो बघ. शवासनाने नाडी संथ होते हे शेकडो लोकांना शिकवलं, मग रक्तदाबाची गोळी मला कशाला? श्रावणात शीर्षासन करताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंतीवर आदळलो. खांदा महिनाभर दुखत होता, कुणाला सांगितलं नाही. आता गोळी घेतो. उलटं उभं राहणं बंद केलंय.

शवासन मात्र सोडलेलं नाही. त्यातून उठताना आधी उजव्या कुशीला वळायचं आणि त्यासाठी कुणीतरी हाक द्यावी, ही आपल्या वर्गाची रीत. शिष्यांना मी द्यायचो, मला अम्मा. दारात कॉफी घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "उजव्या कुशीला वळा, निवतेय." ती गेल्यापासून माझा मीच उठतो. गेल्या मंगळवारी सकाळी सातला आडवा झालो आणि डोळा लागला. उघडला तेव्हा ऊन पश्चिमेच्या खिडकीतून येत होतं. दाराशी दुधाची पिशवी फुगून पडली होती. दिवसभरात कुणी बेलही वाजवली नव्हती. मी उठलोच नसतो, तर ते बुधवारी वर्गाला आलेल्या गुंडप्पांना कळलं असतं. फार एकटं वाटलं गं.

म्हणून लिहितोय. सणाला तुझा फोन येतो, पण आपण दोघंही हवापाण्यावर येऊन थांबतो, आणि हे तोंडाने मागणं मला जमणार नाही. मंगळूरला तुझे पेशंट नऊला सुरू होतात. रोज सव्वासातला मला फोन करशील? बाकी काही बोलू नकोस, "उजव्या कुशीला वळा, अप्पा" एवढंच म्हण. फोन उशाशी ठेवीन. नाही उचलला तर निंगम्माकडे किल्ली आहे, तिचा नंबर मागे लिहिलाय. आणि येशील तेव्हा पुढच्या दाराने ये. फळ्यावर प्रत्येक ओळीपुढे मी ‘कदाचित’ लिहिलंय. अक्षर तुझ्यासारखं नाही आलं.

तुझाच,
अप्पा