लाल पंच्याखालची बोटं

१० सप्टेंबर १९६१

नाही, तुझं काही ऐकणार नाही मी! तू कोरा कागद आहेस म्हणून शहाणा ठरत नाहीस. ही चोरीच आहे. दिवसाढवळ्या, किनाऱ्यावर, लाल पंच्याखाली!

आज पुन्हा तासभर बघत उभा राहिलो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबलचक जाळं, ओढून झाली, बांगड्यांचे ढीग वाळूत पडले आणि म्हातारा लवू तांडेल फतकल मारून बसला. हातावर पंचा. ज्याला मासळी हवी त्याने पंच्याखाली हात घालायचा, लवूची बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडातून चकार शब्द नाही. सगळ्यांचे हात झाले की लवू सांगणार, हो ढीग परशुराम शेटचो, हो अमक्याचो. आणि एक ढीग बाजूला सारून— "हो बायलांचो वाटो." कुणी किती दिले? लवूला ठाऊक. तीस वर्षं फक्त लवूलाच ठाऊक!

कोल्हापुरात बी. ए. झालो ते पंचे बघायला? मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी. गरिबाला भाव ऐकूच आला नाही तर तो भांडणार कसा? माझ्या कादंबरीतसुद्धा आता अंधार नको. नुसते आवाज.

१४ सप्टेंबर

ठराव पास! उद्यापासून उघडी पावणी, म्हणजे जाहीर लिलाव. मोठ्याने बोली, सगळ्यांदेखत. बायकांचा वेगळा वाटाही बंद. दया नको, हक्क हवा! (वाक्य माझं. सोसायटीचे चेअरमन माझे बाबाच, त्यांना फार आवडलं.) बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, पंच्याखाली कोण कुणाचे खिसे भरतो देव जाणे. लवू समोरच होता. पंचा झटकला, घडी केली. "बरां." एवढंच.

बाहेर सत्यवतीकाकी. नवरा दर्यात गेल्यापासून कट्टा गावच्या बाजाराला मासळी नेते. "आता आमी बोंब मारूची काय रे झिला? बरी सोय केलंस!" बाकीच्या बायका हसल्या. मीही हसलो.

१५ सप्टेंबर

भाव चढला! परशुराम शेट ओरडतोय, बाकीचे व्यापारी ओरडतायत! रापणीवाले खूश. कादंबरीची सहा पानं लिहिली. नुसत्या बोली, पात्रं नाहीत, गोष्ट नाही. रत्नागिरीच्या मत्स्यखात्याच्या साहेबांना अहवालही टाकला.

१९ सप्टेंबर

बायका बोलत नाहीत. रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या राहतात. पावणी संपली की जातात.

२२ सप्टेंबर

भाव पडला. पूर्वीपेक्षाही खाली! एकच आवाज उरलाय, परशुरामचा. बाकीचे व्यापारी त्याच्या तोंडाकडे बघतात आणि गप्प. पंच्याखाली कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं...

सत्यवतीकाकीच्या अंगणात गेलो. तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तू काय समाजलंस, लवू दया करी होतो? अरे, आमी शेटापेक्षा दोन आणे जास्त देय होतांव! म्हणान तो ढीग आमचो. लवून कोणाक सांगल्यान नाय. शेटाक वाटता, उरलासुरला बायलांच्या पदरात घालतत."

"मग आता ओरडून द्या ना दोन आणे जास्त!"

"आणि पाटी खंयच्या गाडयेर घालू? तुझ्या डोक्यार?"

एस्टीत मासळीची पाटी घेत नाहीत. कट्ट्याकडे जाते ती परशुरामची लॉरी. बायकांच्या पाट्या भाडं घेऊन तोच नेतो. त्याच्या तोंडावर त्याच्यापेक्षा जास्त बोली!

आणि पहिल्या दिवशी भाव चढवला कुणी? त्यानेच. बायका हटेपर्यंत. मी टाळ्या वाजवत होतो!

२५ सप्टेंबर

मीच सत्यवतीकाकीला भरीला घातलं. आज ओरडली— "शेटाच्या वर दोन आणे!" परशुराम हसला. "घे गो, घे. खा सुखान."

दुपारी तिची पाटी लॉरीवर चढली नाही. "जागा नाय." तिच्यापुढे अर्धी लॉरी रिकामी!

चालत गेली. बाजार उठला होता. बांगडे मऊ पडलेले. वाटेत कुणाच्या तरी माडांच्या मुळात पुरून आली. "माडाक बरां खत," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. "पाच तारखेक वेंगुर्ल्याक जातलंय. काजीच्या कारखान्यात. हात जळतत म्हणतत. जळांदेत."

३० सप्टेंबर

साहेबांचं पत्र. चार तारखेला स्वतः येतायत. माझा अहवाल वाचून हीच पद्धत वेंगुर्ले, शिरोडा, सगळ्या किनाऱ्याला लावणार म्हणे. मला रत्नागिरीला घ्यायचंही चाललंय! बाबा म्हणाले, "तोंड उघडू नकोस. साहेब गेले की बघू."

काय बघू? शिरोड्याच्या बायकांच्या रिकाम्या पाट्या?

३ ऑक्टोबर

लवूकडे गेलो. माफी मागितली. पंचा घेऊन परत बस म्हटलं.

"चार लोकांत माका चोर म्हटलंस. मी बसूचंय नाय. तू बस."

"मला येत नाही."

"बोटां दाबूक कोणय शिकता रे. पण तुझ्या पोटात काय रवता? सगळां कागदार ओततंस! आज कागदार, उद्या शेटाच्या कानात."

त्याने पंचा माझ्या मांडीवर टाकला. दिवेलागणीपर्यंत त्याची बोटं दाबत बसलो. चुकलो की चिमटा काढायचा म्हातारा.

४ ऑक्टोबर

साहेब खुर्चीवर. गळ्यात हार. बाबांनी खूण केली, सुरू कर. मी वाळूत बसलो आणि पंचा उघडला.

"हे काय, सेक्रेटरी? हे तर तुम्ही बंद केलंत ना?"

"चुकलो, साहेब. अहवाल पहिल्या दिवसाचा होता. पुढचे दिवस मी लिहिले नाहीत. ओरडून बोली लावली की ज्याची लॉरी त्याचाच आवाज उरतो."

बाबा ताडकन उठले. "गुरुदास!"

मी पंचा हातावर पसरला. परशुराम म्हणाला, "मी चललंय. घाला सगळी रापण बायलांच्या घशात!" चार पावलं गेला. लॉरी रिकामी, बर्फ वितळतोय. थांबला.

तेवढ्यात पंच्याखाली पहिला हात आला. खरखरीत, गार. सत्यवतीकाकी. मग दुसरे व्यापारी. सगळ्यात शेवटी परशुराम. अंगठी टोचली.

एक ढीग बाजूला ओढला. म्हटलं, "हो बायलांचो वाटो. उरलोसुरलो." मागे लवू खोकला.

"घेवंदेत बापडी," परशुराम म्हणाला.

दुपारी लॉरीवर सत्यवतीकाकीची पाटी चढली.

५ ऑक्टोबर

साहेब अहवाल परत देऊन गेले, शिरोड्याचं तूर्त थांबलं. बाबांनी सोसायटीच्या किल्ल्या मागून घेतल्या. रापणीवाल्यांचा निरोप आलाय, पंचा घेऊन ये. सत्यवतीकाकी वेंगुर्ल्याला गेली नाही.

काल कुणाच्या बोटांनी काय सांगितलं, कुणी कुणाला मागे टाकलं, सगळं ठाऊक आहे मला. तुला सांगणार नाही. आता कधीच नाही. हे शेवटचं पान.

रापण ओढतायत, हाका येतायत. बोलू नकोस. निघालो!