जाळीमागचं गुप्त शस्त्र

३ नोव्हेंबर
आजच्या मॅचलाही बाहेरच. कारण उघड आहे. मॅनेजर एलादिओ मास्तर मला लपवून ठेवतायत. सान पेद्रोच्या ह्या बेसबॉल टीमचा डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा मी, त्यांचं गुप्त शस्त्र. तोवर रोज सकाळी आमच्याच बॅट्समनना सरावाचे बॉल टाकायचे. तेही जाळीमागून, फटका परत येऊन थोबाड फुटू नये म्हणून. खुराड्यातल्या कोंबडीसारखं वाटतं.
ठराव: नाताळपर्यंत खरी मॅच मिळाली नाही, तर बॅग उचलून चालू पडायचं.

११ नोव्हेंबर
आज मास्तरांशी बोलणारच होतो. वाटेत एकजण मोटरसायकल खोलून बसला होता. कार्बोरेटरच्या आत काय काय असतं! मास्तर घरी गेले.

१२ नोव्हेंबर, दुपार
बोललो. मास्तर म्हणाले, पोरा, तू मॅच खेळलास तर सकाळी ह्यांना बॉल कोण टाकणार, तुझा आजा? किती आधार आहे त्यांना माझा!
आमचा दांडगा बॅट्समन ओल्मेदो तर दुसऱ्या कुणाकडून बॉल घेतच नाही. म्हणतो, भावा, तुझा बॉल टरबुजाएवढा दिसतो रे. मी मुद्दाम दिसू देतो, हे त्याला कुठं ठाऊक.

२९ नोव्हेंबर
राजधानीतल्या टीमकडे उद्या पिचरची निवड. बसस्टँडवर पोचलोसुद्धा. तिथं ओल्मेदो गाडी घेऊन हजर. बॅग त्यानंच उचलली. म्हणाला, तू गेलास तर मी मेलो, आईशपथ! घरी नेलं. त्याच्या आईनं कुटलेली केळी न् तळलेलं चीज वाढलं. चीज फक्कड होतं. बस गेली.

१४ डिसेंबर
सुटलो! पुढच्या आठवड्यात राजधानीच्या मोठ्या स्टेडियममध्ये होम रनची स्पर्धा. टीव्हीवर. जास्त बॉल मैदानाबाहेर घालवेल तो जिंकला. बॅट्समननं आपला पिचर आपणच निवडायचा, आणि ओल्मेदोनं मला निवडलं. म्हणाला, भावा, नेहमीसारखेच टाक हां. हो म्हणालो.
ठराव: शेवटचा बॉल नेहमीसारखा टाकायचा नाही. माझा खास, वळणारा. ओल्मेदोची बॅट हवेत फिरेल, अख्खा देश बघेल, एखादी टीम मला जागेवरच उचलेल. ओल्मेदोचं वाईट वाटतंय. पण त्याच्या आईला मी समजावेन.

२१ डिसेंबर
शेवटचा बॉल. ओल्मेदोची दुसऱ्या एका बॅट्समनशी बरोबरी. मी जाळी ढकलून बाजूला केली. लोक ओरडायला लागले. होता नव्हता तेवढा जोर काढून खास बॉल टाकला.
दिव्यांच्या खांबावरून गेला. स्पर्धेतला सगळ्यात लांब फटका.
ओल्मेदोनं मला खांद्यावर घेतलं. रडत होता. म्हणाला, शेवटचा तर ताटात वाढलास रे, भावा!

२२ डिसेंबर
सकाळपासून तीन टीमचे फोन. तिघांनाही सरावाला बॉल टाकणारा हवाय. मास्तर म्हणाले, खबरदार कुणी हात लावाल, हा आमचा आहे. पाच वर्षांचा करार पुढे केला. ओल्मेदोनं पेन दिलं.
बॅग रिकामी केली.
नवी जाळी आलीय. माझं माप कधी घेतलं कुणास ठाऊक, बरोबर बसते.