आधी खाऊ घालायचं, मग सुई

रविवार, २० जुलै

बदनापूरला आले एकदाची! टेंभुर्णीहून निघताना आईने एक पिशवी शेंगदाण्याची चटणी आणि दोन पिशव्या उपदेश बांधून दिला. जालन्याला बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली आहे, पेरायच्या आधी बी उगवतंय का ते बघायचं काम. तिथे खोली मिळेना, म्हणून इथे राहायचं आणि रोज रेल्वेने जायचं-यायचं. घरमालकीण पुष्पाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच. खाली त्या, वर मी, आणि दोन्हीकडे मालकी सांगणारी त्यांची मांजर, बत्ताशी. पांढरीशुभ्र, अंगाने गुबगुबीत. आणि हिला म्हणे मधुमेह! मला हसू आवरेना. पुष्पाबाईही हसल्या. नाव आधी ठेवलं, साखर मागून निघाली म्हणाल्या.

त्यांना सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला जायचं आहे. मांजरीला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई लागते, जमेल का, असं त्यांनी जरा घाबरतच विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं की आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आजोबांबरोबर मी अख्खा कळप टोचला आहे. एका मांजरीचं काय ते!

मंगळवार, २२ जुलै

आज शिकवणी झाली. इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात असते. ती हलवायची नाही, तळहातांत हळूच फिरवायची. मानेमागची सैल कातडी चिमटीत अलगद उचलायची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दोन युनिट. सुई काढली की पुष्पाबाई तिथेच अंगठ्याने चोळतात आणि "झालं गं बाई, झालं" म्हणतात. माझा हात बघून खूश झाल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी माझ्याकडून वदवून घेतली. "आधी खाऊ घालायचं, मंग सुई. खाल्लं न्हाई तर सुई बिलकुल न्हाई. मला फोन करायचा." पोटात काही नसताना इन्सुलिन गेलं तर साखर एकदम उतरते. मांजर लटपटते, लाळ गाळते, झटके येतात, मरतेसुद्धा. तसं दिसलंच तर हिरड्यांना मध चोळायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. मधाची बाटली फडताळात पुढेच ठेवली आहे. खाणं म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन. ते शिवाजीच्या दुकानातून आणायचं, मागच्या अंगणात वेगळ्या पातेल्यात शिजवायचं. श्रावणातसुद्धा.

उद्या सकाळी त्या निघतील. परवा अमावास्या, तेव्हा प्रवास नको म्हणतात.

शुक्रवार, २५ जुलै

दोन दिवस सगळं झकास चाललं. बत्ताशी खाते, मी सुई देते, संध्याकाळी पुष्पाबाईंचा फोन येतो, "खाल्लं का?" मी सांगते, खाल्लं. नात झाली त्यांना!

आजपासून श्रावण. शेजारच्या दुर्गाबाईंकडे कांदा-लसूणही बंद, दारात रांगोळी, संध्याकाळी पोथी. मी चिकनची काळी पिशवी घेऊन येत होते, तर त्या फाटकातच उभ्या. काय आणलं म्हणून विचारलं. आठवडासुद्धा झाला नाही मला या गल्लीत येऊन. भाजी, असं सांगून मी जिना चढले. कान गरम झाले होते. चिकन शिजवलंच नाही. वास गेला असता. शेवटी रात्री पिशवी कचऱ्यात टाकली.

बत्ताशीला दूध-भाकरी दिली. तिने चाटली थोडी.

सोमवार, २८ जुलै

दूध-भाकरीच चालू आहे. जेमतेम जीभ लावते आणि माझ्याकडे बघत बसते. आज गाडीची वेळ झाली होती. मेंढरांना आम्ही आधी टोचायचो आणि मग चरायला सोडायचो, तसंच केलं. सुई दिली, वाटी समोर ठेवली, पळाले. मागाहून खाईल.

दुपारी जालन्याला स्टेशनसमोर अंडाभुर्जी खाल्ली. पहिल्या श्रावणी सोमवारी, मी! तिथे मला कोण ओळखतं? इथे दुर्गाबाईंसाठी श्रावण पाळायचा आणि तिथे भुर्जी हाणायची. लिहितानाही स्वतःचीच लाज वाटते आहे.

आल्यावर पाहिलं तर वाटी तशीच, साय धरलेली. तेवढ्यात पुष्पाबाईंचा फोन. खाल्लं, म्हणाले.

बुधवार, ३० जुलै

सुई देऊन केस विंचरत होते. बत्ताशी दारातून येताना भिंतीला धडकली. मागचे पाय वेगळेच कुठेतरी चालले होते. तोंडातून लाळ. मी मध घेऊन बसले, हिरड्यांना चोळत राहिले, चोळत राहिले. बऱ्याच वेळाने तिने माझं बोट चाटलं. मी रडले.

डॉक्टरांना फोन केला नाही. काय खायला घालता, असं विचारलं असतं.

संध्याकाळी चिकन आणायचंच ठरवून निघाले. दुकानासमोरच्या किराण्यात दुर्गाबाई होत्या. तशीच परत फिरले. फोनवर सांगितलं, खाल्लं.

शुक्रवार, १ ऑगस्ट

सकाळी सुई दिली. वाटी ठेवली. गेले.

संध्याकाळी आले तर ती माझ्या खाटेखाली होती. कडक झालेली. वाटी भरलेली होती. दुधाचं नासून पाणी झालं होतं.

दुर्गाबाई देवळात गेल्यावर मागच्या सीताफळाखाली पुरली. हाताची माती धुतली नव्हती, तेवढ्यात फोन वाजला. खाल्लं का?

खाल्लं, म्हणाले मी. तोंडातून आपसूक गेलं.

शनिवार, २ ऑगस्ट

दुर्गाबाईंनी हाक मारून थांबवलं. मांजर दिसत नाही म्हणाल्या. आणि अंगणात चिकन का शिजत नाही? पुष्पा तर दरसाल श्रावणात शिजवते. "मुक्या जनावराला कसला आलाय श्रावण, पोरी. मीच पातेलं घासून देत असते की."

कुणालाच काही वाटणार नव्हतं. कुणालाच! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बत्ताशी झोपली आहे, असं सांगितलं.

संध्याकाळी पुष्पाबाईंनाही तेच. खाल्लं आणि झोपली. फोन ठेवते न ठेवते तोच मानेमागे काहीतरी टोचलं. मुंगी असेल. मग घाम सुटला, हात थरथरायला लागले, भूक अशी की डोळ्यांपुढे अंधारी. चटणी-भाकरी खायला घेतली. घास तोंडात गेला आणि नासलेल्या दुधाचा वास आला.

सोमवार, ४ ऑगस्ट

कंपनीत ज्योत्स्नाने माझी वेणी बाजूला करून बघितली. मानेवर लाल ठिपके आहेत म्हणाली. एक डावीकडे, एक उजवीकडे. डास का?

चक्कर आली म्हणून तिने दवाखान्यात नेलं. साखर फार उतरली होती. इन्सुलिन घेता का, डॉक्टरांनी विचारलं. नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. सलाईन लावल्यावर थोडी तरतरी आली. त्यांनी रागावून सांगितलं, आधी खायचं, मग सुई.

मंगळवार, ५ ऑगस्ट

कळलं. खाल्लं म्हणते तेव्हाच टोचतं. काल तसंच, आज तसंच. फोनवर तो शब्द जातो आणि लगेच मानेत —

बाटली फ्रिजमध्ये आहे. रोज कमी होते आहे. मी हात लावलेला नाही.

खरं सांगितलं की थांबेल. एवढंच तर करायचं आहे. आज सांगणार होते. त्या बाळाला मांडीवर घेऊन बोलत होत्या. बत्ताशीचं नाव काढून बाळाला जोजवत होत्या. कसं सांगू —

खाल्लं म्हणाले.

बुधवार

काही पोटात जात नाही. सगळ्याला तोच वास. नुसता मध चाटते आहे. मधही संपत आला.

चालताना दाराला धडकले. पाय वेगळेच —

कामावर गेले नाही. खाटेखाली बरं वाटतं. गार आहे.

गुरुवार

अक्षर वाकडं येतंय. लाळ पडली पानावर. पुसली.

आज सांगणार. आधी इथे लिहून ठेवते, मग फोनवर हेच वाचायचं. बत्ताशी मेली. मी उपाशीपोटी सुई दिली. लोक काय म्हणतील म्हणून चिकन आणलं नाही. मी मारली.

वाजतोय. स्पीकरवर ठेवला. वाचायचं. फक्त वाचायचं —

दुर्गाबाई जिना चढून आल्या. दारात आहेत. हातात वाटी. बत्ताशीला म्हणून आणलंय. फोन ऐकतायत. हसून बघतायत माझ्याकडे

पुष्पाबाई विचारतायत खाल्लं का

दुर्गाबाईंसमोर कसं — वाच ना रेणुका, वाच, समोर लिहिलंय —

खाल्लं म्हणाले

मानेची कातडी कुणीतरी अलगद उचल