टिंबीचा रंग

४ ऑक्टोबर
पुण्याहून कार्टून कंपनीच्या साहेबांचा फोन. मी काढलेली टिंबी पसंत पडली, नव्या कार्टूनची मुख्य मुलगी तीच. "पण दोन शेड उजळ करा. आणि आडनाव नको, गाव नको, टिकली नको. कुठल्याही देशात दाखवली तरी आपल्यातली वाटली पाहिजे." कुणाच्या आपल्यातली, ते विचारणार होते. "बरं साहेब" म्हटलं. नाक, कपाळ, हसताना एक डोळा बारीक होतो ते, सगळं माझ्या सईचं. सकाळपर्यंत रंगही तिचाच होता.

१९ ऑक्टो.
आणखी एक शेड उजळ. डोळे पिंगट. साहेब खूश, "आता कुठलीच वाटत नाही, मस्त." सईला दाखवली. "माझ्यासारखी व्हती तवा वाईट दिसत व्हती का?" तिला अभ्यासाला हाकललं.

२ डिसें.
टिंबी टीव्हीवर आली. निरगुडसरात घरोघरी पोरं तेच बघताहेत. सईने चौथीच्या वर्गात सांगून टाकलं, ती मीच हाय, आईनं मला बघून काढली. वर्ग हसला. एक कार्टं म्हणालं, "मग तू लाईट गेल्यावरची टिंबी." हे सईने नाही, वर्गाच्या बाईंनी सांगितलं. सांगतानाही हसत होत्या. मेल्या कुठल्या!

७ डिसें.
गिरणीत संगीताताई भेटल्या. त्यांची अनन्या सईच्याच वर्गात, गोरीपान. "टिंबी आमच्यातलीच दिसती गं. आमच्या अनीला बघूनच काढली ना?" एक आडनाव काढलं की सगळ्या गावाला पोरगी आपलीच वाटते. बुद्धविहाराजवळच्या आमच्या घरातली असेल, असं मात्र एकाच्याही मनात येत नाही. सई पिठाची पिशवी धरून शेजारीच उभी. आणि मी म्हटलं, "असंल थोडीफार." का म्हटलं? चार बायकांत वाद नको. एवढंच. सईने पिशवी खाली ठेवली, एकटीच घरी गेली. माझा मला राग आलाय, त्या बाईचा त्याहून जास्त.

५ जाने.
शाळेच्या गॅदरिंगला टिंबीचं नाटक. टिंबी अनन्या. सई झाड. उंच आहे ना ती, इति बाई. मेकअप माझ्याकडे. नाही म्हणायला गेले तर बाई म्हणाल्या, "आता तुमीच असं करायला लागल्या तर कसं?"

१८ जाने.
झालं गॅदरिंग. हसावं की रडावं. अनन्या टिंबीपेक्षा गोरी निघाली. बाई म्हणाल्या, "जरा गव्हाळ करा. पण लई नको, तिची आई वरडंल." रंग कालवत बसले, काही केल्या जमेना. सई अंगाला हिरव्या कागदाची पानं बांधून आली, माझ्यापुढे मनगट धरलं. "ह्याच्यापास्नं सुरू कर. मग पांढरं घालत जा." तसं केलं. अगदी बरोबर जमला.

टाळ्या पडल्या, अनन्याला बक्षीस. मग संगीताताई धावत आल्या. "हे निघंल ना गं? उद्या नारायणगावला लग्न हाय." मी तोंड उघडायच्या आत सईने खोबरेलाची बाटली पुढे केली. "निघंल काकू. तिचा निघतो." संगीताताई तिच्या गालाला हात लावून हसल्या. किती गोड बोलते म्हणे.

घरी येईपर्यंत सई माझ्या पुढे पुढे चालत होती.

२०
गॅदरिंगपासून सई माझ्याशी बोलत नाही. तिला हवं ते आणून दिलं, हात लावला नाही.

२४ जाने.
साहेबांचा फोन. टिंबी जोरात चाललीय. "पुढच्या भागांत तिला मैत्रीण द्यायची. काळीसावळी, बावळट, सारखी धडपडणारी. पोरं खदखदून हसली पाहिजेत. तुमच्या गावाकडे असतील की अशा. कुणी आहे का डोळ्यापुढे?"

फोन स्पीकरवर होता. सई शाळेतून नुकतीच आलेली, दप्तर पाठीवर, दारात उभी. गॅदरिंगनंतर आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मला काढ. आता रंग बदलाया लावणार न्हाईत."

साहेब हॅलो हॅलो करत होते. उद्या कळवते म्हटलं.