साक्ष दिलेल्या आईची वाटणी

मी, गुणाबाई किशनराव मोरताळे, वय वर्षे बाहत्तर, मूळ राहणार तालुका लोहा, हल्ली मुक्काम नांदेड, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्या धाकाला वा लाडीगोडीला बळी न पडता ही माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. माझा उजवा हात मोडून वाकडा जुळला आहे, म्हणून सही वेडीवाकडी येईल; डोकं सरळ आहे. कलमं वकील मोहसीन यांनी कायद्यात बसवली. मधलं मधलं बोलणं माझं आहे, ते काढायचं नाही असं मी त्यांना बजावलं आहे.

कलम १. माझे पती किशनराव वारले आहेत. मला दोन अपत्यं. मुलगा शिवशंकर लातूरला कोचिंग क्लास आणि होस्टेलं चालवतो. आता नांदेडलाही त्याची होस्टेलं झाली आहेत. मुलगी सिंधु धर्माबादला कॉलेजात शिकवते. शिवशंकरची मुलगी तनुजा नांदेडला कॉलेजात शिकते.

कलम २. नांदेडचं राहतं घर मी माझ्या अंगावरचं सोनं मोडून, माझ्या नावाने घेतलं आहे. ते शिवशंकरला मिळणार नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे म्हातारी भ्रमिष्ट होती असं उद्या कोर्टात कुणाला म्हणता येणार नाही.

भूकंप झाला तेव्हा सिंधुच्या कॉलेजची पोरं ट्रकात बसून किल्लारीच्या बाजूला गेली. दगडामातीच्या ढिगाऱ्यांतून त्यांनी माणसं ओढून काढली. जिवंत थोडी, मेलेली फार. सिंधु परत आली तेव्हा तिच्या हातांचा वास साबणाने जात नव्हता. त्या ट्रकात नांदेडच्या इतवाऱ्यातल्या शिंप्याचा मुलगा खाजा होता आणि नायगावच्या मातंग वस्तीतली चांगुणा होती. एकाच ताडपत्रीखाली झोपून आलेल्या या पोरांना कॉलेजच्या मेसमधल्या वेगवेगळ्या पंगती सोसेनात. त्यांनी गट केला. एकत्र जेवू लागली. आडनाव ऐकून ज्यांना खोली नाकारली जाई त्यांच्यासाठी घरमालकांशी भांडू लागली, अडकलेल्या स्कॉलरशिपसाठी प्राचार्यांच्या दारात बसू लागली.

शिवशंकर त्याच कॉलेजात पुढारपण करायचा. त्याच्यामागे दांडगी पोरं होती. पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात प्रत्येकाने आपापल्या घरच्या बोलीत गायचं असं सिंधुच्या गटाने ठरवलं: खाजाने दखनीत, देगलूरच्या एका पोरीने तेलुगूत, तांड्यावरच्या एकाने गोरमाटीत. चांगुणा बाबासाहेबांचं गाणं म्हणणार होती. असल्यांच्या रांगेत मोरताळ्यांची पोरगी उभी राहणार नाही, असं शिवशंकरने घरात सांगितलं. सिंधु उभी राहिली. मी ऐकायला बायकांच्या बाजूला बसले होते.

चांगुणाने तोंड उघडलं आणि शिवशंकरमागची पोरं मांडवात घुसली. काठ्या होत्या, सायकलच्या चेनी होत्या. सिंधुला स्टेजवरून खाली ढकललं. चांगुणाला वेणीला धरून फरफटत नेलं. खाजा मध्ये पडला. शिवशंकरने मांडवाचा लोखंडी पाइप उपसला. पहिला फटका खांद्यावर बसला, खाजा वाकला. दुसरा डोक्यावर बसला, तो आवाज बायकांच्या शेवटच्या रांगेपर्यंत आला. तिसरा त्याने खाली पडलेल्या माणसाला मारला. पहिल्या दोन फटक्यांना राग म्हणता येईल. तिसऱ्याला म्हणता येत नाही.

मान वर केली तेव्हा मी त्याला दिसले. माझा मुलगा मला म्हणाला, "आई, तू घरला जा."

मी गेले नाही. खाजाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. रक्त पातळातून खाली जमिनीत मुरत होतं. दवाखान्यात न्यायच्या आधीच तो गेला.

कलम ३. मी साक्ष दिली. किशनराव रात्रंदिवस विनवत होते, "गुणे, एकच पोरगा हाय. काय बी बघितलं न्हाई म्हण." मी म्हणाले, "बघितलं हाय." त्यानंतर मरेपर्यंत ते माझ्या हातचं जेवले नाहीत. सिंधु आणि चांगुणा त्या वेळी धुळीत पालथ्या पडल्या होत्या. पाइप कुणाच्या हातात होता हे त्यांना दिसलं नव्हतं. बाकी साक्षीदार एकेक करून फिरले. शिवशंकरच्या वकिलाने मला विचारलं, आई असून पोटच्या पोरावर कशी उठलीस. मी म्हणाले, आई आहे म्हणून तर हात ओळखला. संशयाचा फायदा मिळून तो सुटला. आमच्या दारात फटाके वाजले.

त्या फटाक्यांच्या धुरात खाजाची आई हसीना दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, थुंकेल. ती म्हणाली, "तुमचं पोरगं सुटलं, माझं मातीत गेलं. आता आपण दोघींनी कुठं जायाचं, बाई?" मी तिला आत घेतलं. पुढे माझा नवरा गेला, तिचाही गेला, तेव्हा ती इथंच राहायला आली. तेव्हापासून पुढच्या खोल्या आम्ही खोली नाकारलेल्या पोरींना देतो. संध्याकाळी ओट्यावर त्यांच्या सभा भरतात. कधी घोषणा शिकतात, कधी नुसतं भांडतात. आम्ही दोघी ऐकतो.

कलम ४. गेल्या वर्षी शिवशंकरच्या नांदेडच्या होस्टेलात एका पोरीला आडनाव विचारून, भाडं भरलेल्या खोलीतून सामानासकट बाहेर काढलं. कॉलेजच्या पोरापोरींनी होस्टेलवर मोर्चा नेला. मोर्चा परत माझ्या ओट्यावर आला, पाठोपाठ त्याची माणसं आली. भर दुपारी त्यांनी दारं फोडली, पुस्तकं गटारात फेकली, पोरींना लाथांनी तुडवलं. मी दारात आडवी झाले तर हातावर रॉड बसला. हसीनाच्या कपाळाला सहा टाके पडले. उन्हासाठी तोंडाला ओढणी बांधलेल्या एका पोरीचे पुढचे दोन दात पडले. ओढणी सोडली तेव्हा मी पाहिलं, ती तनुजा होती. ती मोर्च्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात तिला विचारलं, तू शिवशंकरची पोरगी हे त्यांना सांगितलं का नाहीस. तोंडातला कापूस काढून ती म्हणाली, "आजी, ओळखलं असतं तर मला सोडून शेजारचीला मारलं असतं."

कलम ५. सबब, घरात हसीनाने मरेपर्यंत हक्काने राहावं. तिला कुणी उठवू नये. घराची मालकी सिंधु आणि तनुजा यांना समान द्यावी, या अटीवर की घर विकायचं नाही, पुढच्या खोल्या कोणत्याही जातीधर्माच्या शिकणाऱ्या पोरींना द्यायच्या आणि ओट्यावरची सभा बंद करायची नाही. सभेत मालकिणींच्या विरुद्ध बोललं गेलं तरी बंद करायची नाही.

कलम ६. लोह्याची वाटणीत माझ्या नावावर आलेली जमीन चांगुणाला द्यावी. खाजा गेला त्या वर्षी तिने कॉलेज सोडलं. ती गायची ते मी पुन्हा ऐकलं नाही. पोस्टातली शिल्लक पोरींच्या औषधपाण्याला आणि जामिनाला वापरावी, दोन्ही लागतं.

कलम ७. शिवशंकर माझ्या पोटचा आहे, हे मी नाकारत नाही. त्याला गोड शिरा आवडतो, हे मी विसरले नाही. त्याने देव्हाऱ्यातले देव न्यावेत. इतकी वर्षं रोज हात जोडले, पण त्याच्यासाठी त्यांच्याकडे काही मागणं माझ्याने झालं नाही. आता त्याने स्वतः मागावं.

कलम ८. माझ्या चितेला अग्नी सिंधुने द्यावा. खांदा घरातल्या पोरींनी द्यावा. भटजीने हरकत घेतली तर भटजीविना करावं.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तनुजाने करावी. तिने सगळं मला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर विचारलं, "बाबांनी उद्या येऊन तुझे पाय धरले, तर बदलशील?"

मी सांगितलं तेही मोहसीन यांनी इथं लिहून घेतलं आहे: माझे कशाला धरतो. हसीना आतल्या खोलीतच असते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून खालील साक्षीदारांसमोर मी सही करते आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: गुणाबाई किशनराव मोरताळे

साक्षीदार:
१. डॉ. रुखसार अन्सारी, नांदेड. (बाईंना मी तपासलं. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.)
२. कमलम्मा, मूळ राहणार देगलूर, शेजारीण.

ठिकाण: नांदेड
दिनांक: १४ फेब्रुवारी २०१९