चार-चार

३ नोव्हेंबर १९७३, शनि. सांगली.
ह्यांनी टेनिसचा नवा नियम शोधून काढलाय. सांगता सांगता पानातला भात गार झाला. सेट सहा-सहा झाला की दोन गेमच्या फरकाची वाट बघायची नाही. नऊच पॉइंट, आधी पाच करील तो जिंकला. चार-चार झाले तर एकाच पॉइंटवर निकाल, तो पॉइंट दोघांचाही! गेल्या वर्षी माझी नि साताऱ्याच्या इंदूताईंची फायनल अंधार पडला म्हणून अर्धीच राहिली. मी पुढे होते. तो कप मला अजून हवाय, हे ह्यांना ठाऊक आहे. नियम माझ्यासाठी काढला का? विचारलं नाही.

५ नोव्हें.
क्लबात ह्यांना ‘शास्त्रज्ञ’ म्हणायला लागलेत. तिथले डॉक्टर म्हणाले, अमेरिकेत कुणा गृहस्थानं हाच नियम आधीच काढलाय, मासिकात आलं होतं. ते मासिक आमच्याकडेही येतं. "वाचलं होतं?" "आठवत नाही गं." खोटं बोलतायत असं वाटत नाही. खरं बोलतायत असंही...

११ नोव्हें., रवि.
फायनल, पुन्हा इंदूताईंशीच. पंच हेच, कारण नियम दुसऱ्या कुणाला कळत नाही. तिसरा सेट सहा-सहा. मग चार-चार. मी मारलेला बॉल पलीकडे रेषेवर पडला, फक्की उडालेली मी पाहिली. हे म्हणाले, "आउट."

इंदूताई तरातरा खुर्चीपाशी आल्या. खेळ लष्करी छावणीत नवऱ्याकडून शिकल्या, बोलणं अजून माहेरचं, कडेगावचं. "आवं भाऊजी, बॉल आत हुता की! म्या बघितला. न्हाईतर पुन्यांदा खेळू."
"नियमात पुन्हा नाही."

शेणानं सारवलेलं कोर्ट, ठसा स्पष्ट दिसला असता. हे खुर्चीवरून खाली उतरलेच नाहीत. कप साताऱ्याला गेला. इंदूताईंना तो कुठे धरावा कळेना.

१२ नोव्हें.
पोळ्या लाटतच राहिले. भलत्याच जास्त झाल्या. आउट का दिला? बायकोला झुकतं माप दिलं असं लोक म्हणतील म्हणून? की पुन्हा खेळवलं तर नियमाचं हसं झालं असतं म्हणून? की खरंच बाहेर दिसला? तसं असेल तर एवढा राग मी कुणावर काढू?

१५ नोव्हें.
रविवारी सांगली-सातारा दोन्ही क्लबांची बैठक, नियम ठेवायचा की नाही. ठरलं असं की बॉल आत होता का ते हरलेल्या बाईंनाच विचारू; आत असेल तर नियम रद्द नि फायनल पुन्हा. म्हणजे मला. आत होता म्हणाले तर ह्यांचा नियम गेला. बाहेर म्हणाले तर माझा कप कायमचा गेला, तोही माझ्याच तोंडानं. काल हे मधेच म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक." सहज म्हणाले की...

१७ नोव्हें., शनि.
सकाळी म्हणाले, "चल, चार-चारपासून खेळू." कोर्टावर आम्ही दोघंच. पंच नसला की आपल्या बाजूचा बॉल आपणच सांगायचा. मी सर्व्हिस केली. ह्यांनी परतवलेला बॉल माझ्या कडेच्या रेषेपाशी पडला. ऊन डोळ्यांवर होतं. खरंच कळलं नाही.

रॅकेट खाली करून उभे राहिले. "आत की बाहेर?"

ठसा माझ्या पायाशीच होता. मी खाली पाहिलं नाही. घरी आलो, चहा झाला, अजून सांगितलेलं नाही. त्यांनीही परत विचारलं नाही. बैठक उद्या.