गिल्रेनांच्या चुलीतला विस्तव

मंगळवार, दिनांक ८ मार्च १९८८ रोजी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, स्लायगोच्या इस्पितळातून खुबा बदलून घरी परतल्यावर, माझ्या चुलीला रॉकेलचा वास येतो आहे हे माझ्या ध्यानात आले. त्या वासामुळे हे मृत्युपत्र लिहीत आहे.

मी, विनिफ्रेड गिल्रेन, वय ७३, अविवाहित, निवृत्त पोस्टमास्तरीण, राहणार ड्रमनाक्रीव्ह वाडी, लीट्रिम परगणा. खुबा नवा असला तरी डोके जुनेच आणि शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, घालून पाहावा. अक्षर माझेच, कॉन्व्हेंटात सिस्टर पर्पेच्युआच्या छडीने वळवलेले. पूर्वीच्या मृत्युपत्रात सर्व काही पुतण्या फिंटन यास दिले होते. ते रद्द समजावे.

१. माझ्या पणजीला जमीनदाराने तळ्यापलीकडच्या घरातून हुसकले, तेव्हा तिने सोबत एकच वस्तू आणली: लोखंडी भांड्यात निखारे. तो विस्तव या चुलीत त्यानंतर कधी विझला नाही. रात्री राखेखाली झाकायचा, सकाळी उकरून वर दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या विटा रचायच्या. इस्पितळात जाताना फिंटनवर एवढेच काम सोपवले होते. रविवारी तो द्राक्षे घेऊन भेटायला आला.

"चूल कशी आहे रे?"

"झकास, आत्या! तुझी आठवण काढते."

चूल शुक्रवारीच विझली होती. साहेब डब्लिनला सामना पाहायला गेले होते. परत येऊन त्याने आग पेटवायच्या रॉकेलच्या पांढऱ्या वड्या रचल्या आणि काडी ओढली. जाब विचारला तर म्हणतो, "आग ती आग, आत्या. आगीला काय वंशावळ असते?"

विझली याचे दुःख आहे. माझीच द्राक्षे खात खोटे बोलला, याला मी माफी देत नाही.

२. सबब फिंटन यास त्या वड्यांचा उरलेला खोका.

३. पोस्टातली शिल्लक माझ्या दफनाला आणि आदल्या रात्री प्रेतापाशी करायच्या जागरणाच्या व्हिस्कीला. फिंटनने चहा घ्यावा.

४. घर, लव्हाळ्यांनी भरलेली शेते, तळ्याकाठचा दलदलीचा पट्टा आणि टर्फ कापायचे आजोबांचे फावडे, हे सर्व गल्लीपलीकडच्या डेलिया मल्वी हिला. १९३१ साली मल्वींचे नवे घर उभे राहिले, तेव्हा रीतीप्रमाणे त्यांच्या चुलीतली पहिली आग शेजारच्या घरची, म्हणजे आमची होती. आईने चिमट्यात दोन पेटत्या विटा धरून गल्ली ओलांडली. मी मागून फाटक लावले.

डेलियाशी मी १९६९ पासून बोललेली नाही. चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत, ती म्हणाली होती, "काय गं विनी, माझ्या बहिणीचा खोकला कसा आहे? तुला माझ्याआधी कळतं म्हणून विचारते." पोस्टकार्डाला झाकण नसते, हा माझा दोष नाही. हे भांडण कायम आहे. पण घर लबाडाच्या हाती देण्यापेक्षा वैरिणीच्या हाती गेलेले मला चालेल.

५. अट एकच. डेलियाने आपल्या चुलीतून दोन विटा आणून माझी चूल पेटवावी व पुढे दोन्ही चुली राखाव्यात. तिच्याकडचाही विस्तव मधे कधी विझला असेल, तर माझ्यामागे या घराचे छप्पर उतरवावे, दगड ज्याला हवे त्याने न्यावेत.

साक्षीदार:
फादर कॉर्मक लाव्हिन
यूजिन शानली, दुकानदार (वड्या यानेच शुक्रवारी रात्री विकल्या, तसे कबूल केले)

सही: विनिफ्रेड गिल्रेन
ड्रमनाक्रीव्ह, सोमवार, ११ एप्रिल १९८८

प्रत: डेलिया मल्वी यांस

तुझ्या धुराड्यातून धूर निघतो, हे मला खिडकीतून दिसते. पण धूर माझ्याही धुराड्यातून निघतो आहे, म्हणून विचारावे लागते. आईने आणून दिलेला तो विस्तव अजून तोच आहे का? हो की नाही, खरे असेल ते लेखी कळव. मुदत ३० एप्रिल, दुपारी बारा. १ मे रोजी, घरची बरकत जाते म्हणून, कोणी घराबाहेर विस्तव देत नाही, आणि त्या सकाळी माझ्या चुलीत काडी ओढून पेटवलेली आग असता कामा नये.

उत्तर पाकिटात घालून, नीट चिकटवून पाठव. पोस्टकार्ड नको.